तुमच्या नकाशावरचे हिरवे ठिपके : जलद चार्जिंग कंपन्यांना खुले पत्र

महामार्गांवर जलद चार्जिंग केंद्रे उभारणाऱ्या आणि चालवणाऱ्या सर्व कंपन्यांस,

स. न. वि. वि.

विजेच्या गाडीने लांबचे प्रवास करणाऱ्यांपैकी मी एक, म्हणजे तुमची ग्राहक. हे पत्र आणखी वेगवान चार्जर मागण्यासाठी नाही. वेगाबद्दल तुम्ही स्वतःच पुरेसं बोलता. माझी मागणी त्याहून खूप स्वस्तातली आहे: तुमच्या ॲपवर जे दिसतं, ते केंद्रावर असावं. चार्जर बंद असेल तर बंद म्हणा. साठ किलोवॅट मिळणार असतील तर पाटीवर एकशेवीस लिहू नका. एवढं झालं तर आमचा प्रवास सुधारेलच, शिवाय तुमच्या केंद्रांवरच्या रांगाही कमी होतील. हे दुसरं विधान मी उगाच केलेलं नाही, पुढे त्याचा हिशेब मांडते.

पेट्रोलच्या गाडीत लाल दिवा लागल्यावर पंप शोधला तरी चालतं. विजेच्या गाडीत उलटं आहे. कुठे थांबायचं ते निघण्याआधी ठरतं आणि मग त्या थांब्यावरून बाकी सगळं ठरतं: वेग किती ठेवायचा, एसी किती, जेवायला कुठे, मुलांना उठवायचं कधी. त्या ठरलेल्या ठिकाणी पोचल्यावर चार्जर मेलेला निघाला, तर पुढच्या चार्जरपर्यंत रांगत जाण्याचाच पर्याय उरतो. हे रांगणं उपयोगी पडतं, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 120 वरून 90 वर आलं की तो जेमतेम 56 टक्के उरतो आणि बॅटरीत आहे तेवढ्याच विजेत गाडी बरीच लांब जाते. पण ट्रकच्या मागे, काच किंचित खाली करून, एसी बंद ठेवून, टक्क्यांकडे बघत गाडी चालवणं हा काही प्रवासाचा आनंद नव्हे. गाडीतली इतर माणसं अशा वेळी फार शांत होतात, तेही बरं वाटत नाही.

असं एकदा झालं की चालक काय करतो? तो तुमच्या ॲपवर विश्वास ठेवणं सोडतो आणि सगळा अविश्वास बॅटरीत साठवू लागतो. खरं तर लिथियम-आयन बॅटरीला प्रवासात 10 ते 80 टक्क्यांच्या पट्ट्यात वापरणं सर्वांत सोयीचं. बॅटरी रिकामी असताना ती भराभर वीज घेते. जसजशी भरते, तसतसं लिथियमच्या आयनांना ग्रॅफाइटमध्ये शिरणं अवघड होत जातं. तरीही रेटलं तर आत जाण्याऐवजी धातूरूप लिथियम पृष्ठभागावर जमू लागतं, आणि त्याने बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून गाडी स्वतःच प्रवाह कमी करते, तुमचा चार्जर कितीही मोठा असो. बऱ्याच गाड्यांत 80 ते 100 हा शेवटचा टप्पा 10 ते 80 च्या जवळपास जाईल इतका वेळ खातो. साठ युनिटच्या बॅटरीचा हिशेब केला, तर पहिल्या टप्प्यात 42 युनिट भरतात आणि शेवटच्यात फक्त 12.

आता तुमच्यावर विश्वास नसलेला माणूस बघा. पुढचा चार्जर चालू असेलच याची त्याला खात्री नाही, म्हणून तो 80 वर गन (गाडीत खुपसायचं केबलचं टोक) काढत नाही. 95 पर्यंत, जमलं तर 100 पर्यंत बसून राहतो. पुढच्या केंद्रावरही तो 10 टक्क्यांवर नव्हे, तर 35 टक्क्यांवर पोचतो, म्हणजे बॅटरी सर्वांत वेगाने भरते तो भाग त्याच्या वाट्याला येतच नाही. तो तुमच्याकडून जवळपास तेवढीच वीज घेतो, पण तुमची जागा कितीतरी जास्त वेळ अडवतो. त्याच्यामागे उभा असलेला दुसरा ही रांग बघतो आणि तोही ठरवतो, की आता नंबर लागलाच आहे तर पूर्णच भरून घेऊ. सुट्टीच्या दिवसांत तुमच्या केंद्रांवर ज्या रांगा दिसतात, त्यातल्या काही गाड्या निव्वळ भीतीपोटी उभ्या असतात. ती भीती तुमच्या चुकीच्या माहितीतून आलेली आहे. नवे चार्जर न बसवताही ही रांग कमी करता येईल.

तुम्ही म्हणाल, ॲपवर तर सगळं थेट दिसतं, चार्जर मोकळा असेल तर हिरवा, गाडी लागलेली असेल तर निळा. दिसतं खरं. पण तो हिरवा रंग येतो कुठून? बहुतेक चार्जर तुमच्या सर्व्हरशी ओसीपीपी नावाच्या प्रमाणित भाषेत बोलतात. चार्जर आपली अवस्था कळवतो: मोकळा, तयारीत, चार्जिंग चालू, बिघाड, अनुपलब्ध वगैरे. ‘मोकळा’चा अर्थ एवढाच, की डबा जिवंत आहे, त्याचं इंटरनेट चालू आहे आणि त्याच्या स्वतःच्या मते त्याला काही झालेलं नाही. गनचं कुलूप अडकलेलं असेल, स्क्रीन काळा पडलेला असेल, गनच्या आतली पिन वाकलेली असेल, समोर कुणी पेट्रोलची गाडी लावून गेला असेल, तरी तो मोकळाच. घराला कुलूप लावून दारावर ‘सुस्वागतम्’ची पाटी तशीच ठेवावी, त्यातला हा प्रकार.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी मागणी: प्रत्येक गनसमोर ‘मोकळा’ या शब्दाखाली आणखी एक ओळ द्या. या गनवरून शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं, आणि त्यात जास्तीत जास्त किती किलोवॅट मिळाले. बस. कुणाची गाडी, कुणाचं नाव, काही नको. ‘शेवटचं चार्जिंग 40 मिनिटांपूर्वी, 58 किलोवॅट’ असं वाचलं की मी निश्चिंत त्या दिशेने जाईन. ‘शेवटचं चार्जिंग नऊ दिवसांपूर्वी’ असं दिसलं, आणि केंद्र भर रस्त्यावर असलं, तर काय समजायचं ते मला कळतं. ही माहिती गोळा करायला तुम्हाला एक पैसाही खर्च येणार नाही. ती तुमच्याकडे आहेच, कारण प्रत्येक चार्जिंगची नोंद ठेवूनच तुम्ही आमचं बिल करता.

तुलनेसाठी एक जुनी पाहणी आठवते. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को खाडी परिसरात संशोधकांनी सार्वजनिक जलद चार्जर प्रत्यक्ष जाऊन तपासले. सीसीएस (जलद चार्जिंगच्या जोडणीचा एक प्रमाणित प्रकार) प्रकारच्या 657 गनपैकी 72.5 टक्के चालू निघाल्या. बाकीच्यांत कुठे स्क्रीन बंद, कुठे पैसे भरण्याची यंत्रणा बंद, कुठे चार्जिंग सुरूच होईना. साधारण पाच टक्के ठिकाणी चार्जर शाबूत होता, पण केबल गाडीच्या सॉकेटपर्यंत पोचतच नव्हती. ही शेवटची गोष्ट मला फार आवडते. अशा चार्जरला कुठलीही संगणक प्रणाली बिघडलेला म्हणणार नाही. आणि ज्याची गाडी तिथे उभी आहे त्याच्या दृष्टीने तो शून्य किलोवॅटचा.

यावर उत्तर म्हणून तुम्ही ‘अपटाइम’चे, म्हणजे चार्जर किती टक्के वेळ चालू होता याचे, आकडे दाखवता. तो शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण त्याचा हिशेब करून बघा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या निधीतून उभ्या राहणाऱ्या महामार्ग-चार्जरांसाठी 97 टक्क्यांहून अधिक अपटाइमची अट घातली गेली. वर्षाचे 8,760 तास धरले, तर उरलेले तीन टक्के म्हणजे जवळपास अकरा दिवस. ब्रिटनने 2023 च्या नियमांत 50 किलोवॅट आणि त्यावरच्या चार्जरांसाठी 99 टक्क्यांची अट ठेवली, पण ती कंपनीच्या संपूर्ण जाळ्याची वर्षभराची सरासरी. म्हणजे शहरातले शंभर चार्जर व्यवस्थित चालत असतील, तर घाटाच्या पायथ्याचा एकुलता एक चार्जर कितीतरी दिवस मेलेला असला तरी सरासरीला धक्का लागत नाही. आणि नेमका तोच आम्हाला लागतो. नियम करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, काहीच नसण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. पण तुम्ही आतल्या गोटातले आहात, तुम्हाला यापेक्षा प्रामाणिक माप माहीत आहे: केंद्रावर येऊन गन लावणाऱ्या दहा जणांपैकी किती जण पहिल्याच प्रयत्नात चार्जिंग सुरू करू शकले? तो आकडा केंद्रानुसार जाहीर करा.

दुसरी मागणी जागा आणि संख्या यांची. एकाच ठिकाणी एक भलामोठा चार्जर लावून त्याचं उद्घाटन करण्यापेक्षा, तेवढ्याच पैशात मध्यम ताकदीचे चार बसवा. वरच्याच पाहणीतला दर घेतला, तर एकट्या गनवर गेलेल्या माणसाला ती बंद किंवा निरुपयोगी मिळण्याची शक्यता 27.5 टक्के. दोन असतील तर दोन्ही बंद असण्याची साडेसात टक्क्यांच्या आसपास. चार असतील तर चारही बंद असण्याची अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. अर्थात हे गणित तेव्हाच खरं, जेव्हा त्या चौघांचं बिघडणं एकमेकांवर अवलंबून नसेल. चारही चार्जर एकाच सिमकार्डवरून इंटरनेटला जोडलेले असतील आणि ते नेटवर्क गेलं, की चारही एकदम दगड. एकाच कॅबिनेटमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या एकाच पेटीतून, चार गन काढल्या असतील, तर त्यांना चार म्हणण्यात अर्थ नाही. लाल रंगाचं ते आणीबाणीचं बटणही बघा. कुणीतरी गंमत म्हणून दाबतं, ते दाबलेलंच राहतं, आणि ते फिरवून सोडवायला कुणी येईपर्यंत केंद्र बंद. ते बटण हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण ते दाबलं गेलं आहे हे तुमच्या नियंत्रण कक्षाला त्याच मिनिटाला कळावं, आणि ते सोडवायला जवळपासचं कुणीतरी नेमलेलं असावं, एवढं तर जमेल?

युरोपीय संघाचा 2024 पासून लागू झालेला नियम अंतराच्या बाबतीत स्पष्ट आहे. मुख्य महामार्गांवर दर 60 किलोमीटरला, दोन्ही दिशांना, 2025 अखेरपर्यंत एकूण किमान 400 किलोवॅटचं केंद्र, त्यात निदान एक चार्जर 150 किलोवॅटचा. 2027 अखेरपर्यंत तेच 600 किलोवॅट. मला यातला ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. एका यंत्राची कमाल ताकद न मोजता केंद्राची एकूण क्षमता मोजायची, ही दृष्टी योग्य आहे.

कमाल ताकदीवरून आठवलं. पाटीवरचे आकडे. ताकद म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पिअर, हे शाळेतलं गणित. 350 किलोवॅटचा चार्जर साधारण 500 ॲम्पिअर देतो. गाडीची बॅटरी 400 व्होल्टची असेल तर त्यातून 200 किलोवॅटच्या वर काही निघणार नाही. पूर्ण आकडा गाठायला 800 व्होल्टच्या वर्गातली गाडी हवी. इथवर तुमचा दोष नाही, ही गाड्यांची मर्यादा. पण एकाच कॅबिनेटच्या दोन गन असतात, पाटीवर 120 लिहिलेलं असतं, आणि शेजारी दुसरी गाडी येऊन लागली की दोघांना साठ-साठ मिळतात. हे आधी सांगितलं असतं तर मी तीन मीटर पुढे दुसऱ्या मोकळ्या कॅबिनेटला गाडी लावली असती आणि आम्हा दोघांचाही वेळ वाचला असता. कोणत्या गन एकमेकींशी वीज वाटून घेतात ते जमिनीवर रंगाने दाखवा. एका रंगाच्या दोन जागा, एक कॅबिनेट. रंगाचा डबा फार महाग नसतो.

उन्हाळ्यातली घटही अशीच न सांगितलेली. चार्जरच्या आतली उपकरणं तापतात, पंख्यांच्या जाळ्या धुळीने भरतात, गनच्या टोकाशी असलेला तापमान-संवेदक धोका ओळखतो, आणि यंत्र गुपचूप ताकद कमी करतं. ग्राहकाला वाटतं गाडीत काहीतरी बिघडलं. जाळ्या वेळच्या वेळी साफ करा आणि ताकद कमी केली असेल तेव्हा स्क्रीनवर तसं लिहा. वर छप्पर घातलं तर यंत्रालाही सावली, माणसालाही. (पावसात उभं राहून ओल्या हाताने केबल जोडण्याने जीवाला धोका नसतो, कारण गन नीट बसून तपासणी पूर्ण होईपर्यंत तिच्यात उच्च दाबाची वीज येतच नाही. पण हे माहीत असूनही तिथे उभं राहणं कुणाला आवडत नाही.)

पैसे भरण्याबद्दल थोडक्यात. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, प्रत्येकात वेगळं वॉलेट, प्रत्येक वॉलेटमध्ये अडकलेली थोडी थोडी शिल्लक. शिवाय जिथे नेटवर्क येत नाही तिथे ओटीपी मागणार. ब्रिटन आणि युरोपीय संघ दोघांनीही जलद चार्जरवर सदस्यत्वाशिवाय थेट कार्डने पैसे घेणं बंधनकारक केलं आहे, आणि त्याने तिथल्या कंपन्या बुडालेल्या नाहीत. नेटवर्क नसताना ओळखीच्या ग्राहकाला चार्जिंग सुरू करू देण्याची सोय तर ओसीपीपीमध्ये आधीपासूनच आहे, ती फक्त चालू करायची आहे. दर प्रतियुनिट, आणि गन लावण्याआधी दिसेल असा. विषय संपला.

आता माणसांबद्दल. ऑगस्ट 1888 मध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास म्हणून तो ओळखला जातो. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा त्यांनी वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन (पेट्रोलसारखा एक द्रव) विकत घेतलं. इंधनाचं जाळं उभं राहण्याआधीचा काळ कसा असतो याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट तुमच्या सादरीकरणांत येत असेल. पण त्या औषधवाल्याकडे तुमच्या निम्म्या केंद्रांवर नसलेली एक गोष्ट होती: तो स्वतः तिथे उभा होता. चोवीस तास माणूस ठेवणं परवडत नाही हे मला कळतं. मग निदान फोन उचलणारा माणूस असू द्या. ब्रिटनच्या नियमांत चोवीस तास चालणारी, फुकट, माणसाने उत्तर देणारी मदतवाहिनी सक्तीची आहे. ज्याने फोन उचलला, त्याला तो चार्जर दुरून बंद-चालू करता यायला हवा. ‘तुमची तक्रार नोंदवली आहे, 48 तासांत आमचे प्रतिनिधी संपर्क करतील’ हे वाक्य रात्री अकराला, सात टक्के बॅटरी असलेल्या बाईला ऐकवण्याइतकं निरुपयोगी दुसरं काही नाही. त्या बाईला चालू दिवे, आसपास माणसांची वर्दळ आणि उघडं, स्वच्छ स्वच्छतागृहही लागतं. नकाशावर जागा निवडताना वीजवाहिनी किती जवळ आहे एवढंच बघू नका. व्हीलचेअरवरून येणाऱ्या चालकाला त्या जाड केबलचं वजन पेलतं का, स्क्रीनपर्यंत हात पोचतो का, चार्जरभोवतीचा सिमेंटचा चौथरा ओलांडता येतो का, हेही एकदा खुर्चीत बसून तपासा.

आमच्या बाजूनेही खोड्या आहेत, ते नाकारत नाही. गाडी भरली तरी जेवत बसणारे आहेत. त्यांना मिनिटाच्या हिशेबाने दंड लावा, माझा पाठिंबा आहे. गर्दीच्या वेळी 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्यालाही माझी हरकत नाही, फक्त एक अट: पुढचं केंद्र चालू असल्याची हमी तुम्ही त्याच स्क्रीनवर द्यायची. हमी देता येत नसेल तर त्या माणसाला शंभरपर्यंत बसू द्या, तो शहाणा आहे.

आणि मुक्कामाच्या जागा. रात्रभर गाडी उभीच असते, तिथे महागडा जलद चार्जर नको. 230 व्होल्टवर 32 ॲम्पिअर म्हणजे सात किलोवॅटच्या वर. साठ युनिटची बॅटरी आठ-नऊ तासांत भरते आणि सकाळचा पहिला थांबा वाचतो. साध्या मोठ्या सॉकेटवर तीन किलोवॅट मिळाले तरी सकाळपर्यंत तीसेक युनिट. महामार्गावर एक मोठं केंद्र उभं करायला लागणाऱ्या खर्चात असे कितीतरी डबे मुक्कामांच्या ठिकाणी बसतील. यात तुम्हाला फोटो काढण्यासारखं काही नाही, एवढाच तोटा.

येत्या सुट्टीच्या हंगामाआधी सगळं जाळं सुधारा असं मी म्हणत नाही. तुमच्या सर्वांत वर्दळीच्या एका रस्त्यावर, फक्त एका, ही ‘शेवटचं यशस्वी चार्जिंग’ची ओळ सुरू करा आणि तिथल्या गाड्या सरासरी किती टक्क्यांवर गन काढून निघतात ते आधीच्या हंगामाशी ताडून बघा. माझा अंदाज चुकला तर आकडे जाहीर करा, मी ते मान्य करेन. आणि प्रयोग करायचाच नसेल, तर ती ओळ दाखवण्यात नेमकी कोणाची काय अडचण आहे, तेवढं तरी लिहून कळवा.

कळावे,

आपली,
लांबच्या रस्त्यावरची एक ग्राहक